जस्ताची वाट

माधवीचा साईराज गेला तेव्हा तो वर्षाचाही झाला नव्हता. अंगावरचं लवकर तोडलं म्हणून पोर गेलं, असं संकेश्वरजवळच्या तिच्या सासरी सगळे म्हणत. सासू जयाबाई, म्हणजे तिची सख्खी मामी, तिच्या तोंडावर काही बोलत नसत. शेजारणींना सांगताना मात्र आवाज बारीक करत नसत. माधवी बँकेत होती. रजा संपली तसं तिनं वरचं दूध लावलं, आणि थोड्याच दिवसांत पोराच्या तोंडाभोवती, बोटांवर लाल चट्टे उठले. जुलाब थांबेनात, केस झडले. मलमं झाली, देवीचा कौल झाला. मधे एकदा तो सुधारलाही होता.

माधवीची धाकटी बहीण तेजस्वी बेळगावात पीएच.डी. करत होती. तिचा विषय म्हणजे एका जिवाणूच्या पेशीपटलात बसलेलं प्रथिन. जिवाणूला जगायला किंचित जस्त लागतं, ते आत आणायचं काम हे प्रथिन करतं. पटलातून आरपार गेलेले त्याचे पिळदार खांब, आणि त्यांच्या मधे जस्ताचा अणू धरून ठेवणारी जागा. ती आधी बाहेरच्या बाजूला उघडते, मग आतल्या. दोन्हीकडून एकदम कधीच नाही. तेजस्वी त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीतली एकेक कडी बदलून बघायची, कुठली बिघडली की जस्त आत जाणं बंद पडतं ते.

एका दुपारी ती माणसातल्या त्याच कुळातल्या प्रथिनांबद्दल वाचत होती. आपल्या आतड्यातही तसंच एक असतं. आईबाप दोघांकडून ते बिघडलेलं आलं, तर बाळाला अन्नातलं जस्त मिळत नाही. अंगावर पितं तोवर आईच्या दुधावर ते कसंबसं तगतं. दूध तुटलं की चट्टे, जुलाब, केस झडणं. सोबत एका बाळाचा फोटो होता. तेजस्वीनं लॅपटॉप मिटला. माधवीचा नवरा सख्ख्या मामाचा मुलगा, म्हणजे घराण्यातला एकच दोष दोघांकडं असू शकत होता. आणि साईराज मधे सुधारला तो अंगणवाडीतून जुलाबावरच्या गोळ्या आणल्या तेव्हा. त्या गोळ्या जस्ताच्याच असतात. संपल्यावर परत कुणी आणल्या नाहीत.

माधवीला पुन्हा दिवस गेले होते, त्यामुळं गप्प बसून चालणार नव्हतं. रविवारी माधवीच्या सासरी, परड्यात दोघीच असताना तेजस्वीनं सगळं सांगितलं. माधवीनं विचारलं,

"मी पाजत ऱ्हायले असते तर जगला असता?"

"आणखी काही महिने, आक्का. पुढं औषध लागलंच असतं. जन्मभर."

"म्हंजे औषध होतं."

"व्हय."

माधवी उठली आणि आत जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी होती ती.

संध्याकाळी तिनं मामीला सांगितलं. दोष दोन्ही घरांतनं आलाय, हे ऐकून जयाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

मुलगी झाली. निपाणीच्या बालरोगतज्ज्ञांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. वरचं दूध सुरू झाल्यावर तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पहिला चट्टा दिसला, तसं रक्त तपासलं आणि लगेच जस्ताचं औषध सुरू केलं. आठवड्याच्या आत कातडी नितळ झाली.

पोरगी बरी झाली म्हणून तेजस्वी पेढे घेऊन आली. जयाबाई बाहेर पोरीला खेळवत होत्या. माधवी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

"एवढंसंच औषध होतं गं," ती म्हणाली. "चमच्यात मावणारं."

तेजस्वी शेजारी बसली.

जरा वेळानं जयाबाई आत आल्या, पोरीला माधवीच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्याच राहिल्या.

"साईराजचं मी तुझ्यावर घातलं, पोरी. लई वाईट केलं."

माधवीनं लेकीला छातीशी घेतलं, तिचं झबलं सारखं केलं. मामीकडं मात्र तिनं मान वर करून पाहिलं नाही.