सुकेळ्यांच्या पुडीतला माणूस

पुतण्याचं ऐकण्यात रंभाकाकीचा फायदा काय होता? सुकेळी बांधायला दोन फुकटचे हात आणि मोसमभर घरात दुसऱ्या माणसाचा आवाज. एवढ्यावर ती तयार झाली. तोटा काय, हे तिने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी जितेशला ते सांगता आलं नसतं.

"म्हंजे केल्यांच्या पुडीत कागद बांधायचा?"

"एका पुडीत एक पान. कादंबरी आहे, काकी. मीच लिहिलीय."

"तू चितारी ना? मग चित्रं काढ की."

"हे चित्रच आहे. फक्त भिंतीवर लावायचं नाही. छापायचं नाही, दुसरी प्रत काढायची नाही. ज्याला पूर्ण बघायचंय त्याने घरोघर फिरायचं."

"कोन फिरनार? गिऱ्हाईक केली खानार नि कागदाला हात पुसनार!"

मुंबईच्या कला महाविद्यालयात पाच वर्षं घालवून मुलगा आगाशीच्या अंगणात पुड्या वळतोय, हे त्याच्या बापाने, रामूने, जमेच्या बाजूला धरलं नव्हतं. पण राजेळी केळी उन्हात सुकून खजुराच्या रंगावर आली, सुक्या केळीच्या पानात बांधली गेली, आणि एकेका पुडीतून कादंबरीचं एकेक हस्तलिखित पान वसईभर गेलं. काकीने त्यातलं एकही वाचलं नाही. पोराचं काहीतरी खूळ, यापलीकडे तिने त्याला किंमत दिली नव्हती.

मग एके दुपारी एव्हरशाईन सिटीतली उन्नती स्कूटरवरून आली. बँकेत नोकरी, आवाज ठणठणीत.

"काकी, पुढचं पान कुणाकडे गेलंय हो? मला झोप नाही."

"कसलं पान?"

उन्नतीने पर्समधून घडी काढून वाचलं: "तो पुलावर थांबला. खाडीचं पाणी किती चढलंय ते त्याने डोळ्यांनी पाहिलं नाही. मान वळवून उजवा कान पाण्याकडे केला, तेव्हा कुठे त्याची खात्री पटली."

केळं सोलणारा काकीचा हात थांबला.

"डावा कान गेला होता त्यांचा," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"आमच्या ह्यांचा."

तिचा नवरा दिनानाथ बारा वर्षांपूर्वी केळ्यांचे घड घेऊन बाजारात गेला तो परतला नव्हता. ना प्रेत, ना निरोप. काकी अजून मंगळसूत्र घालत होती आणि लग्नकार्यात कुठल्या रांगेत बसायचं या पेचाने कुठे जातच नव्हती. यंदा रामूने ठरवलं होतं: बारा वर्षं उलटली की बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात, तसं चैत्रात भावाचं उरकायचं. काकीने होकाराची मान हलवली होती.

संध्याकाळी तिने जितेशला धरलं. "इचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हनालेच असते." मग पुडी वळता वळता, "कुठवर जातात ते?"

"सांगितलं तर कादंबरी काय राहिली?"

"मेल्या!"

दुसऱ्या दिवसापासून सुकेळी विकणारी बाई गिऱ्हाइकांच्या दारी फिरू लागली. चंदनसारला तिसऱ्या मजल्यावरच्या पानात दिनानाथ एका लग्नाच्या मांडवाबाहेर उभा होता. कामणच्या गोदामातल्या वॉचमनकडे तो पोत्यांवर झोपला होता. वॉचमनने पान गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलं होतं आणि हात धुऊनच काढलं. बाजारात बायका हाक मारू लागल्या.

"काकी, आमच्यात काकांना ताप आलाय गं!"

"मग काढा द्या ना. उभ्या काय ऱ्हायल्यात?"

शेजाऱ्याचा पेपर उसना आणणारी ही माणसं. पण अनोळखी सोसायट्यांच्या जिन्यांत एकमेकांना विचारत होती, "तुमच्या पानात कुठे आहेत?" असं काही वसईत कुणी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एका हरवलेल्या माणसाने सबंध तालुक्याला बोलतं केलं होतं.

ही वार्ता मुंबईच्या एका गॅलरीपर्यंत गेली. सगळी पानं गोळा करून आणा, स्वतंत्र प्रदर्शन देतो, असं त्यांनी जितेशला कळवलं. जितेश दारोदार फिरला आणि हात हलवत परतला. "आमच्याकडे राहिलेत ते, तुमच्या भिंतीवर कशाला पाठवू?" हेच उत्तर सगळीकडे.

आणि चैत्र आला, तशी काकी फिरली.

"मी नाय पुतला जालू देनार. लोकांच्या घरात जेवतायत, झोपतायत. चालत्या मानसाला जालू कशी?"

"अगो वहिनी, ते कागद आहेत!" रामू ओरडला.

"नि तुमी जालनार तो? पाल्याचाच ना?"

रामू मुलावर घसरला. "केलंस ते निस्तर! जन्मभर अशीच ठेवणार आहेस का तिला? ना धड सवाष्ण, ना विधवा!"

जितेश उठला. मग आत जाऊन एक घडी घेऊन आला. "शेवटचं पान मी कुठल्याच पुडीत घातलं नव्हतं, काकी. वाचू?"

"कुठे हायेत ते?"

"आपल्या फाटकाशी."

काकीने फाटकाकडे पाहिलं. तिथे कोंबड्या होत्या.

"वाचू नको," ती म्हणाली. "दारात आनलेस, बस झालं. ते बाजारातनं गेले, घरातनं गेलेच नाय. आता घरातनं जाऊ दे. सगल्यांना सांग, ते घरी यायचेत. पोचवा."

ठरल्या सकाळी भटजींनी चार माणसं धरून तयारी केली होती. पण आठच्या सुमारास वाडीच्या रस्त्याला गर्दी लागली. चंदनसारचे नवराबायको, गोदामातला वॉचमन, ऑफिस बुडवून आलेली उन्नती, नावंही ठाऊक नसलेले कितीतरी. गॅलरीला नाही म्हणणारी हीच माणसं अंगणात निजवलेल्या पुतळ्याशी वाकत होती आणि आपापलं पान पळसाच्या पाल्यात खोवत होती. दिनानाथला त्यांच्यातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं, आणि प्रत्येकाला तो थोडा थोडा माहीत होता. भटजींचा मंत्र मध्येच तुटला. त्यांनी पळी खाली ठेवली आणि लोक संपेपर्यंत थांबले.

शेवटी जितेश आला. त्याने हातातली घडी पुतळ्याच्या उजव्या कानापाशी ठेवली.

बायका खाडीवरच्या स्मशानात जात नाहीत, पण त्या दिवशी काकीला कुणी अडवलं नाही. रामूने अग्नी दिला. पाला ओला होता, कागद आधी पेटले. ज्याला जी ओळ पाठ होती ती तो पुटपुटत होता, आणि काकीने गळ्याशी हात नेऊन मंगळसूत्र काढलं.

हिशेब म्हटला तर सरळ आहे. लोकांचं एकेक पान गेलं, जितेशची कादंबरी गेली, आणि रंभाकाकीचा नवरा गेला.