राखाडी बटण

लेक दूरच्या शहरात नोकरीला निघाली तेव्हा तिने बापाला बजावलं होतं, "बाबा, सारखा फोन करून जीव खाऊ नका हं. मोकळी असले की बोलेन."

बाप प्रोग्रामर. त्याने दोघांच्या संगणकांसाठी एक इवलासा प्रोग्राम लिहिला. त्यात एकच बटण, 'बोलूया'. समोरचा संगणकापाशी असला तरच ते निळं व्हायचं. नाहीतर राखाडी, दाबूनही न दबणारं. निघायच्या दिवशी त्याने आधी तिचा प्रोग्राम उघडला, मग दुसऱ्या खोलीत स्वतःचा. बटण दाबलं आणि आवाज भिंतीपलीकडून येत असतानाही दोघं संगणकावरून बोलत राहिली.

ती गेली आणि बटण राखाडी पडलं ते पडलंच. रोज संध्याकाळी बाप त्यावर डोळे लावून बसायचा. खुशालीचे दोन शब्द मोबाइलवर यायचे. बटणाचा विषय ती काढत नव्हती, तोही विचारत नव्हता. 'वेळच नसतो हो' म्हणाली तर?

एका दुपारी ऑफिसात शेजारी बसून त्याचे प्रोग्राम तपासणारी टेस्टर कुरकुरली, "काका, तुमचं 'सेव्ह'चं बटण मेलंय. फॉर्मचे सगळे रकाने भरले तरी ढिम्म!"

त्याने कोड उघडला. बटण केव्हा चालू, केव्हा बंद, हा नियम चोख होता. पण रकाने भरल्यावर बटणाला 'पुन्हा विचार' असं सांगणारी ओळच नव्हती. ते उघडताना एकदा विचारायचं, 'नाही' ऐकायचं आणि तेच धरून बसायचं.

"एवढी वर्षं घासून हीच चूक?" टेस्टर हसली.

तो हसला नाही. त्याला घरचं राखाडी बटण आठवलं. घरचा प्रोग्राम संगणक लावताच आपोआप उघडायचा, इंटरनेट जोडलं जाण्याआधीच. तेव्हा उत्तर 'नाही'च येणार. इथेही आणि तिच्याकडेही.

घरी येऊन त्याने बूटही न काढता ती ओळ घातली. प्रोग्राम सुरू झाला, बटण क्षणभर राखाडी राहिलं आणि निळं झालं.

हात थबकला. निळं म्हणजे ती तिथे आहे, एवढंच. बोलायचं आहे असं थोडंच? त्याने दाबलं.

"बाबा? तुम्ही आहात?"

"रोज असतो की."

"माझ्याकडे तर अजून राखाडीच दिसतंय. मला वाटलं, फोन करू नका म्हटलं त्याचा राग धरलात."

"वेडी. एक ओळ राहिली होती माझी. थांब, नवा प्रोग्राम पाठवतो."

"पाठवा. पण आत्ताचं हे बोलणं बंद न करता पाठवा."