पिवळ्या फुलांखालची माती

बेलेनने दह्याचे तीन रिकामे डबे धुऊन घेतले. एकात खालच्या रानातली माती घातली, दुसऱ्यात वरच्या रानातली, तिसरा मातीविना ठेवला. तिन्हींत पाणी ओतून त्यावर ओकची कोवळी पानं सोडली आणि डबे फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर चढवले. तिची सव्वा वर्षाची लेक चारो हल्ली दिसेल ते तोंडात घालायची.

"आज झाडांचं सूप वाटतं?" सासरे, फुल्हेन्सियो, दारातून म्हणाले. "मीठ घातलंस ना?"

"चार दिवस थांबा, बाबा. तोवर वर पेरू नका."

"ओल काय तुझ्या कॉलेजला विचारून थांबते?"

पिवळ्या ल्युपिनच्या, म्हणजे मेंढ्यांच्या शेंगवर्गी चाऱ्याच्या, बियाण्याची पोती ट्रॉलीवर चढलेली होती. खालचं रान नांगरून दर तीन वर्षांनी मेंढ्यांसाठी ल्युपिन पेरायची, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. आता तिथले ओक वाळत होते, एका उन्हाळ्यात एकोणीस गेले, म्हणून यंदा पेरा वरच्या रानात. डुकरांना हिवाळाभर पुरतील इतकी ओकफळं आता तिथेच उरली होती.

गाव म्हणे, दुष्काळ. बेलेनला ते पटेना. वरची जमीन खडकाळ, पाणी खाली साचतं. मग आधी वाळायला हवं ते वरचं रान! एप्रिलमध्ये तिने खालचं एक ल्युपिनचं रोप उपटलं होतं. मुळं तपकिरी, बुळबुळीत. शेजारच्या ओकखाली उकरलं, तर त्याच्या बारीक मुळांची सालही तशीच बोटाला निघून आली. मुळं कुजवणारी एक बुरशी ओल्या मातीत पोहत मुळापर्यंत जाते आणि पाण्यातल्या कोवळ्या पानांनाही डागते, हे ती शिकली होती. ल्युपिन तिला पोसत असेल का?

चौथ्या दिवशी खालच्या मातीवरच्या पानांना देठापासून काळपट डाग चढले होते. बाकी दोन्ही डब्यांत पानं हिरवीगार.

फुल्हेन्सियोंनी डबा नाकाशी नेला. "पानंच म्हातारी असतील. माझ्यासारखी."

"मग तुम्ही तोडा पानं. मातीही तुम्हीच आणा."

त्यांनी खरंच आणली. वाइनचे ग्लास घेतले, अवजारांच्या खोलीत ठेवले आणि वर कुलूप लावलं. "तू फुंकर मारशील," म्हणाले.

ते चार दिवस बेलेनला फार लांब गेले. डाग पडलेच नाहीत तर पोती उद्याच रिकामी होणार. आणि वरच्या मातीतही पडले तर? त्या विचाराने ती चारोला भरवताना चमचा हवेतच धरून बसायची.

पाचव्या दिवशी सकाळी ते एक ग्लास घेऊन स्वयंपाकघरात आले आणि टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. पानं काळी पडली होती.

"खालची माती?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. "वरची स्वच्छ आहे." मग ग्लास दूर सारला. "मेंढ्या जगाव्यात म्हणून पेरत होतो गं पोरी."

"तुम्हाला कसं कळणार, बाबा? फुलं किती छान यायची."

"आता काय पेरू? सातू?"

"खाली सातू चालेल, नांगर मात्र उथळ. खोल गेला की ओकची मुळं तुटतात. वर काहीच नको."

दुसऱ्या दिवशी ती चारोला कडेवर घेऊन वर निघाली, तर वरच्या रानाच्या फाटकाशी सासरे बादली आणि ब्रश घेऊन उभे.

"थांब. बूट. खालची माती वर नको."

त्यांनी तिला बुटांचे तळवे खसाखसा घासायला लावले. मग जमिनीला टेकलेलेही नव्हते ते चारोचे चिमुकले बूटसुद्धा स्वतः घासले. चारो खिदळत होती.

"आता सांग, कॉलेजवाली," ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "सत्तर डुकरांचे पाय कोण धुणार?"

हे बेलेनच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने वर पाहिलं, मग खाली.

"दरवर्षी आधी खाली सोडता ना? यंदा आधी वर सोडा. वरची ओकफळं संपली की खाली. आणि खालून वर एकही नाही."

फुल्हेन्सियोंनी फाटक उघडलं.