विमलबाईंची डॉक्टरेट

कळंबच्या सरकारी दवाखान्यात विमलबाई ठोंबरे नर्स होत्या. एम.एस्सी. झालेली नर्स खेड्यात राहते याचंच लोकांना नवल. त्यात १९८१ साली त्यांनी मुंबईला पीएच.डी.साठी नाव घातलं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "नोकरी सोड. सेवा वेगळी, संशोधन वेगळं."

विमलबाईंनी नोकरी सोडली नाही. त्यांचा प्रश्नच कळंबचा होता. जन्मल्याबरोबर बाळाला आंघोळ घालायची रीत. थंडीत बाळं गार पडत, दूध ओढत नसत, काही दगावत. आंघोळ दुसऱ्या दिवशी घातली आणि तोवर बाळ आईच्या छातीशी ठेवलं तर?

जुनी सुईण गोदूबाई बिथरली. "न धुता पोर आईपाशी? लोकं काय म्हणतील गं मला?"

"एका बाळाला करून बघू. नाय पटलं तर तुमची रीत तुमच्यापाशी."

पहिलं बाळ गोदूबाईच्या सुनेचं, कोंडीचं. चार तासांनी गोदूबाईने त्याचे तळपाय चाचपले. ऊबदार होते. पुढच्या बाळंतपणाला तिनेच आंघोळीचं पाणी नको म्हणून सांगितलं.

तीन हिवाळे विमलबाई थर्मामीटर घेऊन वाड्यावाड्यांवर चालल्या. जुनी रीत न सोडणाऱ्या घरांतल्या बाळांचीही नोंद ठेवली. नव्या रीतीची बाळं गार पडण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

१९८५ला तोंडी परीक्षा झाली. परीक्षक बाई अमेरिकेत शिकून आलेल्या. "तिकडे आता नर्सिंगच्या डॉक्टरेटला दोन वाटा आहेत. एक संशोधनाची, एक प्रत्यक्ष कामाची. तुमची कुठली?"

विमलबाई म्हणाल्या, "बाळंतिणीपाशी बसले नसते तर प्रश्न पडला नसता, बाई. आणि मोजलं नसतं, तर गोदूबाईंची रीत मोडून माझी रीत लादली, एवढंच झालं असतं."

परीक्षक बाईंनी प्रबंध मिटला. मार्गदर्शक बाईच आधी उठल्या. "या, डॉक्टर ठोंबरे."

ही बातमी गोदूबाईने वाड्यांवर पोचवली. दुसऱ्या सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर पंचवीस-तीस आया, कडेवर नि हाताशी पोरं. गोदूबाई पुढे होऊन म्हणाली, "आमच्या पोरांनी पदवी काढली, बाय!"

ओटाभर हशा पिकला. विमलबाईही पोट धरून हसल्या. मग पदर खोचून त्यांनी वजनकाटा बाहेर आणला.

"आलाच आहात, तर एकेकाला बसवा."