दोन खुर्च्यांचं घर

एका जुन्या अमेरिकन नाटकात जावई बापाचं काम करणार, म्हणून सासूबाई हौसेनं पहिल्या रांगेत बसल्या. पडदा उघडला, तर रंगमंचावर नुसत्या दोन खुर्च्या.

"सामान यायचंय का अजून?" त्यांनी लेकीला विचारलं.

"आई, हे असंच असतं."

जावई हवेतच दार उघडी, हवेतच कॉफी पिई. बघता बघता सासूबाई त्या घरात रमल्या. शेवटी बाप चिडून घराबाहेर निघाला, तो दार सोडून थेट मानलेल्या भिंतीतूनच! त्यांना राहवेना.

"जावईबापू, दार तिकडंय!"

हशा पिकला. जावई थबकला, दाराकडं वळला आणि नसलेलं दार त्यानं असं आपटलं, की पहिली रांग दचकली.

"रागावले वाटतं," सासूबाई पुटपुटल्या.