कोबाल्टची जागा

बाबांनी क्रोमियमची कुपी उजेडाकडे धरली, चिठ्ठी वाचली आणि चौथ्या खाचेत बसवली.

"हं," ते म्हणाले. हा त्यांचा वर्गातला हं होता. शेजारी उभ्या लेकीला जरा धीर आला.

टेबलापलीकडे दादा हाताची घडी घालून उभा होता, बाहीला भुसा चिकटलेला. बाबा निवृत्त झाले तेव्हा दहा खाचांची ही पाटी त्यानेच करून दिली होती. आवर्तसारणीच्या मधल्या पट्ट्यातली पहिली रांग, स्कँडियमपासून जस्तापर्यंत: संक्रमण धातूंचे वाटाण्याएवढे तुकडे, प्रत्येक कुपीवर बाबांच्या अक्षरात नाव आणि अणुभार. चाळीस वर्षं शिकवलेली रांग. ती लावता आली तर बाबा घरीच राहतील, नाहीतर सोमवारी वृद्धाश्रमात. ही अट तिनेच दादाला घातली होती.

"मला कशाला उभं केलंयस?" दादा पुटपुटला. "यातलं मला काय कळतंय? मी आपला रंधा मारणारा माणूस."

"तू नुसता साक्षीदार."

मँगनीज बसलं, लोखंड बसलं. मग हात अडला. बाबांनी दोन करड्या कुप्या उचलल्या आणि आळीपाळीने वाचल्या. ओठ हलले.

"अठ्ठावन्न पॉइंट सहा नऊ... अठ्ठावन्न पॉइंट नऊ तीन."

हलकं ते आधी. निकेल सातव्या खाचेत गेलं, कोबाल्ट आठव्या.

चुकलं. या रांगेत अणुभार चढत जातात, फक्त इथे एक पायरी उतरतात. कोबाल्ट जड असूनही आधी बसतं, कारण रांग अणुक्रमांकाची असते, वजनाची नव्हे. नेमक्या या जागेवर बाबांनी शेकडो मुलांना पकडलं होतं. "वजन करून लावतोस? किराणा दुकान आहे का हे?" घरच्यांनाही सूट नव्हती.

म्हणजे त्यांना काहीच आठवत नव्हतं. पहिल्या कुपीपासून ते फक्त आकडे वाचत होते.

तांबं. जस्त. बाबांनी खडू झटकावा तसे हात झटकले.

"बरोबर?" दादाने विचारलं.

तिने टेबलावरची नसलेली धूळ पुसली.

"बरोबर. दहाच्या दहा."

दादा पाटीकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ.

"मग झालं तर. सोमवारचं नको म्हणून कळवतो."

"खरंच?"

"शब्द म्हणजे शब्द. संध्याकाळी मी येत जाईन. एकटीला झेपायचं नाही तुला." त्याने पाटी उचलली. "आण, मीच ठेवतो कपाटात."

बाबा त्याच्या हातांकडे कौतुकाने पाहत होते.

"कारागीर चांगला आहे हा," ते तिला म्हणाले. "कुठून आणलास?"

"जवळच राहतो, सर," कपाटात डोकं घालूनच दादा म्हणाला.

तो गेल्यावर तिने दाराला कडी लावली. बाबांना डुलकी लागली होती. निदान रांग तरी चुकीची राहू नये म्हणून तिने पाटी हळूच बाहेर काढली आणि सातव्या खाचेकडे हात नेला.

तिथे कोबाल्ट होतं. आठव्या खाचेत निकेल, आणि त्याच्या काचेला चिकटलेला भुशाचा एक कण.