नुसता धक्का

बेकरीच्या गाडीचा ड्रायव्हर स्वभावाने परोपकारी होता आणि त्यावरून बायकोची बोलणी त्याला रोज खावी लागत. "वाटेत दिसेल ते उचलून आणायची खोडच आहे तुम्हाला," ती म्हणायची. त्या सकाळी त्याने शेताकडेला पडलेला एक म्हातारा उचलला आणि विकतचं दुखणं घेतलं.

म्हाताऱ्याला त्याने शेजारच्या सीटवर कसंबसं आडवं केलं. वाटेत म्हातारा पुटपुटला, "पोरगा ट्रॅक्टर मागे घेत होता. मी दिसलो नाही त्याला. चाक पोटावरून गेलं बघ. तो घाबरून पळाला. पण तू कोणाला बोलू नकोस हं."

"बरं बरं," ड्रायव्हर म्हणाला. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

गावचं हॉस्पिटल बेताचंच. इमर्जन्सी म्हणजे एकच खोली. दोन खाटा, ऑक्सिजनचा एक सिलिंडर, दार नीट न लागणारं औषधांचं कपाट आणि गज लावलेली एक खिडकी. म्हाताऱ्याला खाटेवर ठेवून ड्रायव्हर निघणार, तोच म्हाताऱ्याचा मुलगा आणि दोन दांडगे पुतणे येऊन थडकले. रस्त्यात कोणीतरी बेकरीची गाडी पाहिली होती आणि बाकीचं गावाने आपलं आपण जुळवून टाकलं होतं. पुतण्यांनी मोटारसायकली त्याच्या गाडीच्या मागेपुढे आडव्या लावल्या, गाडीची किल्ली खिशात घातली आणि दोघे दार अडवून उभे राहिले.

"काकांना उडवून पळतोस होय रे?"

"अहो, पळायचं असतं तर इथे आणलं असतं का?"

मुद्दा बिनतोड होता. पण बिनतोड मुद्द्याने आजवर कोणाचा मार चुकलाय?

मुलगा मात्र भिंतीला टेकून उभा होता. हाताला वंगण, शर्टाची बटणं खालीवर लावलेली. ड्रायव्हरकडे त्याने एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, पण चेहरा आठवडाभर झोप न मिळाल्यासारखा.

"काय झालं आजोबा?"

म्हाताऱ्याने आधी मुलाकडे पाहिलं. "यांच्या गाडीचा नुसता धक्का लागला हो. तोल गेला, पडलो. यांची पण काही चूक नाही. आणि दुखत तर कुठेच नाही मला."

बिचाऱ्याने बेत छान रचला होता. नुसता धक्का म्हटलं की मुलगाही सुटतो आणि या परक्या माणसावरही फार काही येत नाही. फक्त स्वतःचं पोट तेवढं तो विसरला होता.

बाईंनी पोट दाबून पाहिलं. म्हाताऱ्याने दात आवळले आणि हसून दाखवलं. "सलाईन लावा, लक्ष ठेवू," त्या सिस्टरला म्हणाल्या.

ड्रायव्हरला राहवेना. "बाई, यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवा. चाक गेलंय पोटावरून. ट्रॅक्टरचं. वाटेत यांनीच सांगितलं मला."

"मी कुठे बोललो असं?" म्हातारा म्हणाला.

"बघा, आता आमच्याच ट्रॅक्टरवर ढकलतोय!" पुतणे उसळले.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "अपघात करून येणारा प्रत्येक जण मला दुसऱ्याचीच गाडी दाखवतो. आमच्याकडे ॲम्ब्युलन्स एक. ती आतल्या बाळंतपणासाठी ठेवलीय. एका धक्क्यासाठी देऊन बसू का?"

ड्रायव्हर स्टुलावर बसला. दारात पुतणे, खिडकीला गज, खिशात बायकोचा फोन वाजून वाजून थांबलेला. खाटेवर म्हाताऱ्याचे ओठ पांढरे पडत चालले होते, कपाळावर घाम फुटला होता. "घाबरलेत," सिस्टर म्हणाल्या. ड्रायव्हरने त्याचा हात हातात घेतला. हात गार होता.

तो चांगलाच कात्रीत सापडला होता. खरं सांगून उपयोग नव्हता, कारण खरं त्याच्या सोयीचं होतं. या खोलीत एकच गोष्ट सगळ्यांनी डोळे मिटून मानली असती: त्याच्या स्वतःच्या गळ्याला फास लावणारी. लायसन्स जाईल, नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. त्याला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. मर म्हणावं, मला काय त्याचं! पण तो गार हात काही त्याला सोडवेना.

"बाई, मी खोटं बोललो. चाक माझ्याच गाडीचं. पोटावरून गेलंय, पूर्ण."

एका पुतण्याने फाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्याने गचांडी धरली.

"सोडा त्यांना! सिस्टर, ॲम्ब्युलन्स दाराशी लावायला सांगा. बाळंतपणाला वेळ आहे अजून." बाईंनी तिथल्या तिथे मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जनला फोन लावला. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "गाडी भरलेली होती की रिकामी? चाक कोणतं, पुढचं की मागचं?"

याचा विचार ड्रायव्हरने केलाच नव्हता.

"पुढचं," तो म्हणाला. मग, "नाही... मागचं असेल."

"असेल?" बाईंनी फोन हाताने झाकला. त्याच्या लाल झालेल्या गालाकडे पाहिलं, अजून गचांडी धरून उभ्या असलेल्या पुतण्याकडे पाहिलं. "तुम्ही यांच्या भीतीने काहीही कबूल करताय का? सिस्टर, थांबा जरा."

सिस्टर दारातच थांबल्या. ड्रायव्हरने तोंड उघडलं, पण आता काय बोललं तर खरं वाटेल, ते त्याला सुचेना.

"मागचं."

भिंतीकडून आवाज आला. मुलगा खाली फरशीवर बसला होता.

"ट्रॅक्टरचं. मोठं चाक. मीच मागे घेत होतो."

गचांडीवरचा हात सैल पडला. बाई फोनवर भराभर बोलू लागल्या, सिस्टर बाहेर धावल्या. आणि इतका वेळ कुठेच दुखत नाही म्हणणारा म्हातारा तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने कण्हला.